पारा थांबतो तेव्हा

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस घरोघर लोणी कढत असते. जिचा हात या कामावर बसलेला आहे ती बाई कधी घड्याळाकडे पाहत नाही. ती नुसता कान देऊन असते. पातेल्यात कडकड आवाज चालला आहे तोवर ती खुशाल भाजणी चाळील, शेजारणीशी दोन शब्द बोलेल. पण तो आवाज मंदावला रे मंदावला की हातातले टाकून ती चुलीकडे धाव घेते, कारण आता जरा उशीर झाला तर बेरी करपलीच म्हणून समजावे. जाळ तोच, पातेलेही तेच. मग इतका वेळ जाळ सोसून जे करपले नाही ते शेवटच्या दोन मिनिटांत कसे करपते?

लोण्यात पाण्याचा अंश असतो. तो उडून जाईपर्यंत पातेल्यातल्या ऐवजाचा ताव पाण्याच्या उकळीच्या फारसा वर जात नाही; खालचा जाळ पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडत असतो. पाणी संपले की कडकड थांबते आणि तीच उष्णता आता तुपाला आणि बेरीला तापवू लागते. आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी फळ्यावर लिहून शिकवले नव्हते. त्यांच्या कानाला ते ठाऊक होते. पण ‘खर्ची पडते’ म्हणजे नेमके काय होते? पैसा खर्च झाला तर तो वाण्याच्या गल्ल्यात सापडतो. ही उष्णता कुठल्या गल्ल्यात जाते? हा प्रश्न नीट हातात धरून, त्याचे माप घेऊन, ज्याने पहिल्याने उत्तर मांडले तो स्कॉटलंडातल्या ग्लासगो विद्यापीठातला एक शिक्षक होता. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. पण या गृहस्थाची हकीकत वाचल्यापासून ती कुणाला तरी सांगावी असे फार दिवस मनात आहे, आणि ते केवळ त्याने लावलेल्या शोधापायी नव्हे.

त्याचे नाव जोसेफ ब्लॅक. जन्म १६ एप्रिल १७२८ चा, फ्रान्समधील बोर्दो गावी. बाप मूळचा बेलफास्टचा, तिथे द्राक्षमद्याचा व्यापार करीत असे. (बरोबर सव्वाशे वर्षांनी, १८५३ सालच्या १६ एप्रिललाच, मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. योगायोगच, पण वाफेचा संबंध पुढे येणार आहे म्हणून सांगून ठेवतो.) शिक्षण बेलफास्ट, ग्लासगो आणि एडिंबरो येथे झाले. वैद्यकीच्या पदवीसाठी १७५४ साली त्याने जो प्रबंध लिहिला त्यातून, आज आपण ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो त्या वायूची पहिली नीट ओळख झाली. दुसरा एखादा या एका कामगिरीवर जन्मभर मिरवला असता. दोनच वर्षांनी, गुरू विल्यम कलेन एडिंबरोला गेला तेव्हा, ब्लॅक त्याच्या जागी ग्लासगोत शिकवू लागला.

त्या काळची सर्वमान्य समजूत अशी होती की बर्फ वितळण्याच्या काठावर आले की पुढे त्याला चिमूटभर उष्णता मिळाली तरी पुरे. ते वितळून जाते. ऐकायला किती सरळ वाटते! ब्लॅकला मात्र ते पटेना. त्याचा युक्तिवाद कुणाही शेतकऱ्याला समजेल असा होता. तो म्हणे, असे असते तर थंडी संपून हवा जरा उबदार होताच डोंगरावरचे सारे बर्फ काही मिनिटांत पाणी होऊन खाली आले असते आणि दर वसंतात गावेच्या गावे वाहून गेली असती. तसे तर होत नाही. बर्फ आठवडेच्या आठवडे टिकते, हळूहळू झिरपते. म्हणजे वितळताना ते सारखी उष्णता पीत असले पाहिजे, आणि तीही थोडीथोडकी नव्हे.

दुसरा धागा त्याला फॅरनहाइटच्या लिखाणात मिळाला. ज्याच्या नावाची तापाची मोजणी आपण आजही ऐकतो तोच हा. त्याच्या मोजणीत पाणी ३२ अंशांवर गोठते आणि २१२ वर उकळते. पाणी अगदी न हलवता निववीत नेले तर ते ३२ च्या खाली जाऊनही पातळ राहते असे त्याला आढळले होते. आणि अशा पाण्याला धक्का दिला की त्यात एकदम बर्फ धरते व पारा खाली जाण्याऐवजी उलट वर चढून ३२ वर येतो. गोठताना पाणी गरम होते! ही उष्णता आली कुठून? बाहेरून तर कुणी दिली नव्हती. ती पाण्यातच होती, पण पाऱ्याला दिसत नव्हती.

१७६१ च्या डिसेंबरात ब्लॅकने जो प्रयोग केला तो करायला राजाचा खजिना लागत नाही. पातळ काचेची दोन सारखी गोल भांडी, चार-चार इंच व्यासाची. दोहोंत पाच-पाच औंस पाणी. एकातले पाणी त्याने गोठवून घट्ट केले, दुसऱ्यातले नुसते ३३ अंशांपर्यंत निववले. मग एका मोठ्या रिकाम्या दालनात, एकमेकांपासून दीड फूट अंतरावर, ती भांडी त्याने टांगली. दालनातली हवा ४७ अंशांवर होती. पुढे काय करायचे? काही नाही. बसून राहायचे आणि पाहायचे.

पाण्याचे भांडे अर्ध्या तासात ३३ वरून ४० अंशांवर आले. म्हणजे अर्ध्या तासाला सात अंश. बर्फाच्या भांड्याला वितळून त्याच ४० अंशांवर यायला साडेदहा तास लागले. साडेदहा तासांत अर्धे तास एकवीस. दर अर्ध्या तासाला उष्णतेची आवक सारखीच धरली तर एकवीस साते एकशे सत्तेचाळीस अंश. त्यातले आठ अंश वितळलेल्या पाण्याला ३२ वरून ४० वर आणण्यात गेले. उरले १३९, म्हणजे धरून चाला १४०. पाण्याला दिली असती तर जिने त्याला १४० अंशांनी तापवले असते एवढी उष्णता बर्फाने गिळली, आणि पाऱ्याने त्यातला एक अंशही दाखवला नाही.

कुणी म्हणेल, बर्फात उष्णता खरोखर शिरत होती हे कशावरून? ब्लॅकने त्या भांड्याखाली हात धरून पाहिला होता. काचेला लागून गार झालेली हवा खाली उतरताना हाताला स्पष्ट जाणवत होती. हवा आपली उष्णता भांड्याला देऊनच गार होत होती. म्हणजे देवघेव अखंड चालू होती, फक्त जमेच्या बाजूला नोंद होत नव्हती. त्या दडलेल्या उष्णतेला ब्लॅकने नाव दिले त्याचा अर्थच लपलेली असा आहे. मराठीत तिला सुप्त उष्णता म्हणतात. हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत ‘अप्रकट उष्मा’ असे भारदस्त नाव आहे. आज हा आकडा १४४ धरतात. आपल्या नेहमीच्या सेल्सिअसच्या मोजणीत ८०. दोन काचेची भांडी आणि एक रिकामे दालन, एवढ्यावर ब्लॅक १४० पर्यंत पोचला होता!

वर्गात हा प्रयोग मी दर वर्षी करवून घेतो. चंचुपात्रात बर्फाचे खडे, त्यात तापमापक, खाली दिवा. मुले दर मिनिटाला आकडा टिपतात: शून्य, शून्य, शून्य. पाचव्या-सहाव्या शून्याला मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “सर, थर्मामीटर बिघडलाय!” या मुलाचे मला फार कौतुक वाटते. निमूटपणे शून्ये मांडत बसणाऱ्यांपेक्षा तो ब्लॅकच्या अधिक जवळ असतो. उष्णता आत चालली आहे आणि पारा हलत नाही यात काहीतरी वावगे आहे एवढे तरी त्याला खटकलेले असते. मग त्याला सांगावे लागते की घन बर्फात पाण्याचे कण एकमेकांना जखडून बसलेले असतात आणि आत शिरलेली उष्णता आधी ती पकड सोडवण्यात गुंतते. कणांची धावपळ वाढली तर पारा चढणार. इथे नुसत्या बेड्या तुटत असतात. हे कणांचे उत्तर पुढच्या शतकातले. उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे की कणांची हालचाल आहे, या वादात ब्लॅकने स्वतःला कधी फारसे बांधून घेतले नाही.

या सुप्त उष्णतेने आपल्या देशाशीही एक व्यवहार केलेला आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने हिवाळ्यात तळ्यांवर धरलेले बर्फ कापून परदेशी विकण्याचा धंदा काढला होता. १८३३ च्या मे महिन्यात त्याच्या मालाचे ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, प्रवास चार महिन्यांचा. सप्टेंबरात जहाज पोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होते. फळ्यांच्या आणि भुशाच्या अस्तराला त्याचे श्रेय आहेच. पण अस्तर उष्णतेला उशीर लावते, अडवून धरीत नाही. आत शिरलेल्या प्रत्येक शेर उष्णतेसाठी बर्फाने जी भरमसाट किंमत मागितली तिच्यामुळे ते शंभर टन वाचले. मुंबईलाही लवकरच असे बर्फ येऊ लागले. १८३४ साली जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत पाहुण्यांना आइसक्रीम खिलवले आणि यजमानासकट पाहुण्यांना पडसे झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, अशी हकीकत मुंबईच्या जुन्या वृत्तान्तांत येते. आइसक्रीमला बिचाऱ्याला पहिल्याच दिवशी बदनामी पत्करावी लागली.

असो. आपण ग्लासगोला परत जाऊ. बर्फाचा हिशेब लागल्यावर ब्लॅकच्या मनात वाफेचा विचार येणे साहजिक होते. पाणी उकळू लागले की कितीही जाळ घाला, पारा २१२ च्या पुढे सरकत नाही. हे तर सर्वांना ठाऊक होते. मग तोही जाळ वाफेत दडत असेल काय? १७६२ च्या ऑक्टोबरात त्याने सपाट बुडाच्या पत्र्याच्या भांड्यांत ५० अंशांचे पाणी घालून ती लाल तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवली. चार मिनिटांत पाण्याला उकळी फुटली. सारे पाणी आटायला पुढे वीस मिनिटे लागली. चार मिनिटांत १६२ अंश, म्हणजे मिनिटाला साडेचाळीस. वीस मिनिटांत ८१०. हा आकडा कमी भरला, आज तो ९७० च्या आसपास धरतात. पण रीत अशी ओबडधोबड असताना याहून अधिक अपेक्षा करू नये. उकडीचे मोदक वाफेवर इतक्या झपाट्याने का शिजतात आणि झाकण काढताना वाफ लागली तर उकळत्या पाण्याहून वाईट का भाजते, याचे कारण याच आकड्यात आहे. वाफ थंड वस्तूला लागून पुन्हा पाणी होते तेव्हा जे गिळलेले असते ते सारे एकदम ओकते.

याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात जेम्स वॅट नावाचा तरुण उपकरणे दुरुस्त करण्याचे दुकान चालवीत होता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकमेनच्या वाफेच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती दुरुस्तीला आली. या यंत्रात नळकांड्यात वाफ भरायची, मग आत थंड पाण्याची चिळकांडी सोडून वाफेचे पाणी करायचे. आत पोकळी झाली की बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते. पुढच्या खेपेला ते गार पडलेले नळकांडे पुन्हा तापवण्यातच निम्मीशिम्मी वाफ फुकट जाई. प्रतिकृती चार फेरे मारून दम टाकी. वॅटने वाफेचे माप घेतले तेव्हा त्याला आढळले की थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सहापट विहिरीचे पाणी उकळीला आणते. तो चक्रावला आणि ब्लॅककडे गेला. ब्लॅकने त्याला सांगितले की हे तर मी मुलांना शिकवीत आलो आहे! १७६५ च्या मे महिन्यात एका रविवारी ग्लासगोच्या हिरवळीवर फिरताना वॅटला युक्ती सुचली: वाफ नळकांड्यात न निववता शेजारच्या वेगळ्या भांड्यात निववायची. १७६९ साली त्याचे पेटंट निघाले. पुढे काय झाले ते सारे जग जाणते.

आता ज्यासाठी मी हे सांगायला घेतले त्याकडे येतो. ब्लॅकने सुप्त उष्णतेवर एक ओळही छापली नाही. २३ एप्रिल १७६२ रोजी ग्लासगोच्या विद्वानांच्या एका छोट्या मंडळीपुढे त्याने निबंध वाचला आणि नंतर तो विषय वर्षानुवर्षे वर्गात शिकवला, बस्स. १७६६ मध्ये तो एडिंबरोला गेला आणि तिथे सुमारे तीस वर्षे शिकवीत राहिला. दूरदूरच्या देशांतून, अमेरिकेतूनही, मुले त्याच्या वर्गात येऊन बसत. त्यांच्या वह्यांच्या नकला होत, त्या हातोहात विकल्या जात. १७७० साली लंडनच्या एका प्रकाशकाने त्याच्या उष्णतेवरील व्याख्यानांवरून रचलेले पुस्तक निनावी छापून टाकले. तरीही ब्लॅक हलला नाही. १७७२ मध्ये स्वीडनच्या योहान विल्केने हाच शोध स्वतंत्रपणे छापला. अंगणातले बर्फ गरम पाण्याने हटवायला गेला असता इतके पाणी ओतूनही इतके थोडेच कसे वितळते, याचे त्याला नवल वाटले होते. १७८२-८३ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी तर बर्फालाच तराजू केले: बर्फाच्या वेढ्यात वस्तू किंवा जिवंत गिनीपिग ठेवायचा आणि वितळलेले पाणी तोलून त्याची उष्णता मोजायची.

ब्लॅक का लिहीत नव्हता? प्रकृती नाजूक होती हे एक. आळशी होता असेही म्हणणारे होते. मला ते खरे वाटत नाही, कारण वर्गातल्या प्रयोगांची त्याची तयारी निर्दोष असे. मला वाटते, छापील अक्षराबद्दल त्याला फारशी ओढच नव्हती. ॲडम स्मिथ हा अर्थशास्त्री त्याचा मित्र. १७९० मध्ये मरणापूर्वी स्मिथने आपली बहुतेक हस्तलिखिते जाळून टाकायला सांगितली, आणि हे काम ज्या दोन मित्रांकडे आले त्यातला एक ब्लॅक होता. मी लेखणीवर थोडेबहुत पोट भरणारा माणूस; माझा जीव हे वाचताना खालीवर झाला. पण दुसरीकडे मी मास्तरही आहे, आणि वर्गात एखाद्या दिवशी सगळे छान जमून आले की ते कागदावर उतरवावे असे मलाही वाटत नाही. ब्लॅकने जवळजवळ चाळीस वर्षे अशीच घालवली. त्याची किंमत त्याने मोजलीच: विल्केसारख्यांची तारीख छापील आहे, ब्लॅकची तारीख मित्रांच्या साक्षीवर आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांवर ठरवावी लागते.

तो १७९९ च्या अखेरीस वारला. त्याचा नातलग आणि मित्र ॲडम फर्ग्युसन याने लिहिलेली हकीकत अशी: ब्लॅक जेवायला बसला होता; समोर नेहमीचेच थोडी भाकरी, चार सुकी आलुबुखारे आणि मोजून घेतलेले पाणी घातलेले दूध. दुधाचा पेला हातात असतानाच नाडी थांबली. पेला गुडघ्यांवर नीट टेकलेला, दूध एक थेंब सांडलेले नाही. नोकराला वाटले मालकांना डुलकी लागली.

मागे राहिले ते विस्कळीत टाचणांचे गठ्ठे. जॉन रॉबिसन या त्याच्या जुन्या विद्यार्थ्याने ते आजारपणातही जुळवून १८०३ मध्ये व्याख्यानांचे दोन खंड छापले आणि ते वॅटला अर्पण केले. अर्पणपत्रिकेत वॅटला ब्लॅकचा सर्वांत नामांकित शिष्य म्हटले. इथे गुरुभक्ती रॉबिसनच्या हाताबाहेर गेली असे मला वाटते, कारण त्यावरून लोक समजू लागले की वाफेचे यंत्र म्हणजे सुप्त उष्णतेच्या धड्याचे उत्तर. १८१४ साली वॅटने एका पत्रात हे दुरुस्त केले. ब्लॅकच्या वर्गात मी बसलो नव्हतो, त्याने सांगण्याआधी वाफेची उष्णता मला माझ्या प्रयोगांत दिसली होती, आणि वेगळ्या भांड्याची युक्ती त्याच्या सिद्धान्तातून मला सुचली नाही, असा त्या पत्राचा आशय. मात्र विचार कसा करावा आणि प्रयोग कसा करावा याचा जो धडा ब्लॅकने आपल्या वागण्याने घालून दिला, त्याची आपल्या कामाला मोठी मदत झाली, हेही त्याने त्याच पत्रात लिहिले. तेव्हा वॅट ७८ वर्षांचा होता आणि ब्लॅकला जाऊन पंधरा वर्षे होत आली होती.